खुंटा धक्क्यावरचा आणि पदपथावरचा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यासारख्या ठिकाणी पदपथाच्या तोंडाशी उभे केलेले आडवणीचे खांब म्हणजे बोलार्ड, आणि मुंबईच्या गोदीत जहाजाचा दोर ज्या लोखंडी खुंटाला अडकवतात तोही बोलार्डच. हे एकच की नावापुरतं सारखं? आणि सोसायटीसमोरच्या पदपथावर मोटारी चढू नयेत म्हणून असे चार खांब लावायचे झाले तर काय पाहायचं?

नाव एक, काम उलटं. धक्क्यावरचा बोलार्ड जहाजाला धरून ठेवतो, रस्त्यावरचा गाडीला येऊ देत नाही. पहिल्यावर तासन्‌तास ओढ असते, दुसऱ्यावर वर्षातून एखादा धक्का, तोही डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपणारा. पण दोघांचंही मरण एकाच जागी असतं, जमिनीलगत. वर दिसणारा भाग किती जाड आणि किती चकचकीत याला फारसा अर्थ नाही. खाली काय गाडलंय आणि दोन खांबांत अंतर किती, यावरच सगळं ठरतं. ठेकेदार नेमका दिसणाराच भाग दाखवून पैसे घेतो, म्हणून हे आधी सांगितलं.

शब्द मूळचा बंदरातला. झाडाच्या खोडाला इंग्रजीत 'बोल' म्हणतात, बहुधा त्यावरून तो आला. धक्क्यावर आधी लाकडाचे ओंडकेच गाडत असत. पुढे युरोपातल्या बंदरांत निकामी झालेल्या तोफा तोंड वर करून पुरल्या गेल्या आणि तेच खुंटे झाले. काही शहरांत रस्त्याच्या कोपऱ्यांवरचे खांब अजूनही त्या उभ्या तोफेच्या घाटाचे ओततात, ते यामुळेच. आपल्याकडे गोठ्यातला खुंटा सगळ्यांना ठाऊक आहे. बैलाच्या जागी चाळीस हजार टनांचं जहाज धरा, तत्त्व तेच.

आधी धक्क्यावरचा. त्याचा आकार शोभेसाठी नसतो. मान बारीक आणि डोकं रुंद, कारण जहाजाचा डेक धक्क्यापेक्षा बराच उंच असतो आणि दोर वरच्या दिशेला ओढतो. सरळ नळकांड्यावरून फासा वर सरकून निसटेल. म्हणून कुठे टी आकाराचं डोकं, कुठे दोन शिंगं, कुठे पाण्याच्या बाजूला सपाट आणि मागे पसरट असा मूत्रपिंडाच्या घाटाचा बोलार्ड. दोर फार तिरपा वर जाणार असेल तर शिंगवाला बरा, कारण फासा शिंगाखाली अडकून राहतो. लहान मच्छीमार धक्क्यांवर साधा गोल खुंट चालतो, तिथे होडी आणि धक्का यांच्या उंचीत फारसा फरक नसतो.

दोराचा कोन जितका उभा तितका तो वाया जातो. आडव्यापासून ३० अंशांत दोर असेल तर त्याच्या ताणापैकी साधारण ८७ टक्के जहाजाला धक्क्याकडे धरायला कामी येतो. ६० अंशांवर गेला की निम्माच, आणि जास्त जोर नुसता बोलार्डला उपटायला. म्हणून जहाज धरणारे दोर कधीही अगदी जवळच्या खुंटाला न बांधता जरा लांबचा खुंट निवडतात. जहाजाच्या पुढच्या टोकाकडून पुढे जाणारा, मागच्या टोकाकडून मागे जाणारा, जहाजाला धक्क्याशी आडवा धरणारा आणि पुढे-मागे सरकू न देणारा स्प्रिंग, अशी दोरांची कामं वाटलेली असतात. मोठ्या जहाजाला असे १२ ते १६ दोर लागतात.

इतके कशाला, हे हिशेबातून पटतं. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वारा आडवा लागला तर दर चौरस मीटरला सुमारे २५ किलोचा दाब येतो. कंटेनरांनी लादलेल्या मोठ्या जहाजाची वाऱ्याला दिसणारी बाजू ९,००० चौरस मीटर धरली तर ओढ होते २२५ टन. मोसमी पावसाआधीच्या वळवाच्या वावटळीत असा झोत अचानक येतो, आणि तो सगळ्या दोरांवर सारखा वाटला जात नाही. जो दोर सर्वांत आखूड आणि ताठ, तो सर्वांत आधी भार घेतो. तारेचा दोर आणि सुताचा किंवा नायलॉनचा दोर एकाच कामाला जोडीने लावू नयेत याचं कारण हेच. तार ताणली जात नाही, नायलॉन ताणला जातो, परिणामी तार एकटी सगळं ओझं उचलते आणि तुटते, मग नायलॉनची पाळी.

बंदरांच्या आखणीसाठी भारतीय मानक आयएस ४६५१ आहे. त्याच्या तिसऱ्या भागात जहाजाच्या विस्थापनावरून (जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं त्याच्या वजनावरून) बोलार्डवर किती ओढ धरायची याचा तक्ता दिलाय: २,००० टनांना १० टन, १०,००० ला ३०, २०,००० ला ६०, ५०,००० ला ८०, १,००,००० ला १००, २,००,००० ला १५० आणि त्याच्या वर २०० टन. दोन बोलार्डांत साधारण १५ ते ३० मीटर अंतर ठेवतात. अवघड जागी, म्हणजे जिथे लाट आत येते किंवा प्रवाह जोराचा आहे तिथे, नुसता तक्ता पुरत नाही. बांधलेलं जहाज किती हलेल आणि कोणत्या दोरावर किती ताण येईल हे प्रतिकृती करून पाहावं लागतं. समुद्र नसलेल्या पुण्याचा बोलार्डशी खरा संबंध इथे येतो. १९१६ साली सुरू झालेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात देशातल्या बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून लाटा सोडल्या जातात आणि धक्क्याची जागा नि दिशा ठरवायला त्याचा उपयोग होतो.

बोलार्डचा गाभा म्हणजे घर्षण. खुंटाला दोराचा एक पूर्ण वेढा दिला की मोकळ्या टोकाला जेवढ्या जोराने धरू त्याच्या काही पट ओढ पलीकडे तोलता येते, आणि वेढे वाढले की ही पट गुणाकाराने वाढते. ओबडधोबड दोर आणि लोखंड यांचा घर्षणांक ०.२५ धरला तर एका वेढ्याला ४.८ पट, दोन वेढ्यांना २३ पट, तीन वेढ्यांना १११ पट. एका खलाशाने हातात २० किलोचा ताण ठेवला तर तीन वेढ्यांपलीकडे तो सव्वादोन टनांच्या आसपास धरू शकतो. खुंटाची जाडी या हिशेबात कुठेच येत नाही, फक्त वेढे येतात. आता तोच हिशेब नव्या गुळगुळीत नायलॉनला लावा. घर्षणांक ०.१५ झाला तर तीन वेढ्यांना फक्त १७ पट, म्हणजे हातातल्या २० किलोंवर ३४० किलो. जुन्या तागाच्या दोरावर हात बसलेला माणूस नायलॉनवर फसतो तो इथे. जहाजावरच्या जोडखुंटांवर म्हणूनच आधी एकाच खुंटाला दोन-तीन पूर्ण वेढे आणि मगच दोन्ही खुंटांत आठच्या आकड्यासारखे फेरे घालतात. थेट आठाचे फेरे सुरू केले तर दोर दोन खुंटांना एकमेकांकडे ओढत बसतो. शिवाय कृत्रिम धाग्याचा दोर ताणाखाली खुंटावरून सरकू दिला की घर्षणाच्या उष्णतेने वितळतो. तागाला सरकवत ढील देता येते, याला नाही.

धक्क्याच्या बाजूला मात्र वेढे घालत नाहीत, दोराच्या टोकाचा फासाच खुंटावर चढवतात. इथली एक युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. एकाच बोलार्डवर आधीच दुसऱ्या जहाजाचा फासा असेल तर आपला फासा त्याच्यावर नुसता टाकायचा नाही. तसं केलं तर खालचं जहाज आपला दोर सुटल्याशिवाय निघू शकत नाही. आपला फासा आधीच्या फाशाच्या आतून, खालून वर काढायचा आणि मग डोक्यावरून खुंटावर घालायचा. आता कोणीही आधी निघो, ढील मिळाली की ज्याचा त्याचा फासा दुसऱ्याला हात न लावता सुटतो. हे करायला पाच सेकंद जास्त लागतात. न केल्यास पहाटेच्या भरतीला निघणारं जहाज शेजाऱ्याच्या खलाशांना उठवत बसतं.

भरती-ओहोटीचं तर मुंबईच्या बाजूला विसरताच येत नाही. मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरपेक्षा जास्त वरखाली होतं. ओहोटीला नीट ताठ केलेला दोर भरतीला तारेसारखा वाजायला लागतो, आणि भरतीला ताठ केलेला ओहोटीत लोंबतो. पहारा ठेवून ढील देणं, ताण घेणं चालू ठेवावंच लागतं.

तुटायचं झालं तर कोणी आधी तुटावं, हेही ठरवलेलं असतं. जहाजाच्या दोराच्या रहाटाचा ब्रेक दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या ६० टक्क्यांवर सरकेल असा लावतात. दोराआधी ब्रेक सरकावा, बोलार्डआधी दोर तुटावा, आणि बोलार्डला जायचंच असेल तर त्याचे बोल्ट जावेत पण धक्क्याचं काँक्रीट उखडू नये. बोल्ट बदलता येतात, धक्का फोडून बांधणं महिन्यांचं काम. उदाहरणार्थ ६० टनांना तुटणारे दोन दोर १०० टनांच्या एकाच बोलार्डवर असतील तर ब्रेक नीट असताना त्यावर ७२ टन येतील, निभावेल. ब्रेक गंजून आवळले असतील तर १२० टन, आणि क्रम उलटा होईल. बोलार्डवर त्याची सुरक्षित ओढ रंगवलेली असली पाहिजे ती याचसाठी. बऱ्याच जुन्या धक्क्यांवर पिवळा रंग दर वर्षी दिला जातो आणि आकडा त्याखाली कायमचा गाडला जातो.

नायलॉनचा दोर तुटण्याआधी मूळ लांबीच्या पाव हिश्शापेक्षा जास्त ताणला जातो. तुटताना ती सगळी साठलेली शक्ती टोकात येते आणि टोक चाबकासारखं मागे फिरतं. दोराच्या रेषेत, आणि तो ज्या खुंटावरून किंवा रोलरवरून वळतो त्याच्या आतल्या कोनात, कोणीही उभं राहायचं नाही. धक्क्यावर फोटो काढणाऱ्यांना हे कोणीच सांगत नाही.

देखभालीचं दोन ओळींत. ओतीव लोखंडाचं शरीर सहसा जात नाही, खालचे बोल्ट गंजतात, कारण त्यांच्या खळग्यात खारं पाणी साचतं. म्हणून खळगे डांबरी मसाल्याने बुजवलेले हवेत. आणि तारेच्या दोराने मानेवर पडलेले चरे घासून काढायचे, नाहीतर तेच चरे पुढचा नायलॉनचा दोर कापतात.

जाता जाता, 'बोलार्ड पुल' हा शब्द टगबोटींच्या बाबतीत ऐकू येतो तो याच खुंटावरून. टगला किनाऱ्यावरच्या बोलार्डला लांब दोराने बांधायचं, मध्ये भार मोजणारा सेल बसवायचा आणि पूर्ण ताकदीने ओढायला लावायचं. जागेवरून न हलता ती सलग किती टन ओढते, तो आकडा म्हणजे तिचा बोलार्ड पुल. अश्वशक्तीपेक्षा हा आकडा उपयोगी, कारण पंखा आणि त्याचं आवरण वाईट असेल तर इंजिनाची ताकद पाणी घुसळण्यात जाते.

आता पुण्यातला पदपथ.

इथे पहिला हिशेब धक्क्याचा. एक टनाची मोटार मागे घेताना ताशी १० किलोमीटर वेगाने खांबावर आली तर सुमारे ३.९ किलोजूल ऊर्जा. बंपर चेपणं आणि खांब वाकणं मिळून ती १०० मिलिमीटरांत थांबली तर सरासरी जोर चार टनांचा. तीच मोटार ताशी ३० ने आली तर ऊर्जा नऊ पट, सुमारे ३५ किलोजूल. वेग तिप्पट, ऊर्जा नऊ पट, हे लक्षात ठेवावं.

हा जोर जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर लागतो आणि खांब जमिनीलगत मोडू पाहतो. बाजारात मिळणाऱ्या पाइपांचं काय होतं बघा. ६० मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी जाडीचा पाइप (गल्लीतले बरेच खांब हेच असतात) अर्ध्या टनाला कायमचा वाकतो. ११४ मिमी व्यासाचा, ४.५ मिमी जाडीचा, ज्याला दुकानात १०० एनबी (आतल्या पोकळीचा ठोकळ व्यास) म्हणतात, तो अडीच-पावणेतीन टनांना. १६८ मिमी व्यासाचा ५ मिमी जाडीचा, म्हणजे १५० एनबी, साडेसहा टनांना. मागे येणारी मोटार थांबवायची तर १५० एनबी घ्या. १०० एनबी वाकेल पण मोटार पुढे जाणार नाही, तेवढंही बऱ्याच ठिकाणी चालतं. ६० मिमीचा पाइप ही फक्त सूचना आहे, अडथळा नाही. आत काँक्रीट भरल्याने पाइप चेपत नाही आणि भंगारवाल्याला त्याचा उपयोग उरत नाही. पुण्यात दुसरं कारण पहिल्याइतकंच महत्त्वाचं. स्टेनलेस स्टीलचे दीड-दोन मिमी जाडीचे पोकळ चकचकीत खांब उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात, पण रिक्षाचा धक्का लागला की पत्र्यासारखे चेपतात. त्यात ३०४ सांगून २०२ प्रतीचं स्टील दिलं असेल तर दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके येतात, आणि हा फरक लोहचुंबकाने कळत नाही, कारण दोन्हींना तो जवळपास चिकटतच नाही.

अंतराचं गणित या सगळ्यात अवघड. तीनचाकी रिक्षा साधारण १३०० मिमी रुंद, छोट्यात छोटी मोटार दीड मीटरच्या आसपास. म्हणून दोन खांबांमधली मोकळी जागा १२०० मिमीपेक्षा जास्त नको. चाकाच्या खुर्चीला, हात चाकांवर असताना, किमान ९०० मिमी लागतात, आणि १२०० असतील तर मुलाची गाडी घेऊन जाणारी बाई आणि समोरून येणारा माणूस अंग न चोरता जाऊ शकतात. म्हणजे ९०० ते १२०० हीच पट्टी, शक्यतो वरच्या टोकाला. हे अंतर पाइपाच्या कडेपासून कडेपर्यंत मोजायचं. ठेकेदार मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो आणि १६८ मिमी गिळतो. उदाहरण घ्या: पदपथाचं तोंड ३.६ मीटर आहे. १५० एनबीचे दोन खांब लावले तर तीन फटी पडतात, प्रत्येकी १०८८ मिमी. बरोबर बसतं. हौसेने तिसरा लावला तर प्रत्येक फट ७७४ मिमी, आणि खुर्चीवाला माणूस रस्त्यावरून जाईल.

इथे पुणेकरांचा खरा प्रश्न येतो: दुचाकी. स्कूटरची हँडलपाशी रुंदी ७०० मिमीच्या आसपास. जिथून चाकाची खुर्ची जाते तिथून स्कूटर जातेच. असा एकही आकडा नाही ज्यात खुर्ची आत आणि स्कूटर बाहेर राहील. नागमोडी वाट किंवा झेड आकाराचं फाटक लावलं तर खुर्ची, बाबागाडी आणि भाजीची ढकलपिशवी आधी अडते, स्कूटरवाला तिरपी करून काढतोच. त्यामुळे दुचाकी थांबवायला बोलार्ड लावत असाल तर पैसे जपून ठेवा. पदपथावर चढायच्या उतरंडी कमी करणं, बंगल्यांच्या फाटकांपाशी पदपथ रस्त्याच्या पातळीला खाली न आणता सलग उंच ठेवणं आणि कोपऱ्यावर दंड वसूल करणारा माणूस उभा करणं, एवढंच काम करतं. बोलार्ड मोटारी, टेम्पो आणि रिक्षा यांच्यासाठी.

खांब लावण्याआधी परवानगी. फाटकाबाहेरचा पदपथ सोसायटीचा नसतो, महापालिकेचा असतो. स्वतःच्या खर्चाने लावले तरी पथ विभागाकडे अर्ज करूनच लावावेत, नाहीतर अतिक्रमण म्हणून तेच उखडले जातील आणि ते योग्यच असेल. कुंपणाच्या आत, वीजमीटरच्या खोलीपुढे, गॅसच्या जोडणीपुढे किंवा पार्किंगमधल्या खांबांना वाचवायला लावायचे असतील तर सोसायटीच्या सभेचा ठराव पुरे.

मग खाली काय आहे ते बघायचं. पदपथाखाली वीजकेबल, पाण्याची नळी, गॅसची पिवळी नळी, इंटरनेटच्या केबलच्या नळ्या आणि कुठेतरी जुनं ड्रेनेज असतं, आणि यातलं काहीही नकाशावर दाखवलेल्या जागी असेल असं नाही. ब्रेकर लावण्याआधी कुदळीने हाताने चाचणीचा खड्डा घ्यायचा, खाली लाल वीट किंवा इशाऱ्याची फीत दिसली की थांबायचं. खांब दोन वीत सरकवणं परवडतं.

साध्या १०० एनबी खांबासाठी दीड मीटर पाइप (वजन सुमारे १८ किलो). ९५० मिमी वर, ५५० मिमी खाली. एकूण लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी गाडायचा नाही. खालच्या टोकापासून ७५ मिमीवर पाइप आरपार भोसकून १२ मिमी सळीचे अडीचशे मिमीचे दोन तुकडे फुलीसारखे वेल्ड करायचे, म्हणजे खांब काँक्रीटमध्ये फिरत नाही की उपसला जात नाही. खड्डा ४५० × ४५० × ६०० मिमी, बाजू सरळ, तोंडाला रुंद आणि तळाला निमुळता नको. मजूर नेमका तसाच खणतो, कारण खणायला सोपा जातो, आणि मग काँक्रीटचा गोळा पाचरीसारखा वर निघतो. काँक्रीट एम-२०, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १ : दीड : ३. खड्ड्याला ०.१२ घनमीटर लागतं, त्याला सिमेंट जवळजवळ नेमकी एक गोण. ठेकेदाराने दहा खांबांना पाच गोणी आणल्या तर पुढचं बघायची गरज नाही. १५० एनबीला खड्डा ६०० × ६०० × ७५० घ्या, त्याला सव्वादोन गोणी. ओळीत चार-पाच खांब असतील तर सुटे खड्डे घेण्यापेक्षा एकच सलग चर खणून त्यात सळईची तुळई टाकणं सगळ्यांत चांगलं. एका खांबाला बसलेला धक्का मग पाची जण वाटून घेतात.

जमीन बघून यात फरक करावा लागतो. टेकडीच्या कडेला फूटभर खाली काळा कातळ लागतो. तिथे खड्डा फोडत बसण्यापेक्षा २०० मिमीचं भोक कोअर कटरने साडेचारशे मिमी घेऊन पाइप आत घालून न आकसणारा ग्राउट (पातळ सिमेंटी मसाला) भरावा. हा खांब सगळ्यांत पक्का बसतो. उलट नदीच्या बाजूला काळी माती असते, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे खड्डा आणखी २०० मिमी खोल आणि तळाला मुरूम ठासून.

ओळंबा दोन दिशांनी लावायचा, तिरके टेकू देऊन खांब बांधायचा आणि काँक्रीट सळीने ठासत भरायचं. वरचा ८० मिमी भाग पेव्हर ब्लॉकसाठी सोडला जातो, आणि खरी चूक इथे होते. पेव्हर आणि पाइप यांच्यातल्या फटीत पाणी साचतं, कुत्री पाय वर करतात, आणि तीन-चार वर्षांत बरोबर जमिनीच्या रेषेत गंजाची कडी पडते. वरून खांब नवा दिसतो, हाताने ढकलला तर डुलतो. उपाय स्वस्त आहे: पाइप गरम जस्तात बुडवून घ्या (पाच मिमी जाडीच्या पोलादावर ८५ मायक्रॉनच्या आसपास थर मिळतो), जमिनीच्या रेषेच्या वर-खाली १०० मिमी इपॉक्सीचा पट्टा मारा आणि पायथ्याशी काँक्रीटची कॉलर १५ मिमी उंच, बाहेर उतरती करा. पाइपचं वरचं तोंड काँक्रीटने घुमटाकार बंद करा, टोपी नुसती टेकवू नका, ती आठवड्यात जाते. सात दिवस पाणी मारायचं, पहिले तीन दिवस खांबाला टेकणाऱ्यांना लांब ठेवायचं.

बेसप्लेटवाला खांब, म्हणजे चार अँकर फास्टनरने वरून बसवलेला, हा सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत जास्त पडणारा. कारण साधं आहे. अर्ध्या मीटर उंचीवर एक टन जोर आला आणि बोल्टांत दीडशे मिमी अंतर असेल तर मागच्या दोन बोल्टांवर मिळून ३.३ टनांची उपट येते. हे बोल्ट कशात असतात? ६० मिमीच्या पेव्हर ब्लॉकमध्ये, आणि तो ब्लॉक असतो वाळूवर. ब्लॉकसकट खांब हातात येतो. खाली किमान १५० मिमी अखंड काँक्रीट असेल तरच हा प्रकार घ्यावा.

अंध व्यक्तींचा विचार केला नाही तर बोलार्ड स्वतःच अडथळा होतो. पिवळ्या ठिपक्यांच्या आणि रेघांच्या फरशीवर खांब कधीही नको. उंची मीटरच्या आसपास, रंग फरशीपेक्षा वेगळा, वरच्या बाजूला परावर्ती पट्टा. दोन खांबांमध्ये साखळी लावू नका: पांढरी काठी साखळीखालून निघून जाते आणि माणूस गुडघ्यात अडखळतो. दगडाचे गोल गोळे दिसायला छान, पण मागे येणाऱ्या चालकाला आरशात दिसत नाहीत आणि गर्दीत चालणाऱ्याच्या नडगीला आधी भेटतात. रस्त्याच्या कडेपासून ४५० मिमी आत ठेवले की मोटारीचं दार उघडतं आणि बसचा आरसा लागत नाही. चालण्याची मोकळी पट्टी १.८ मीटरपेक्षा कमी होता कामा नये, हेही बघा.

पेठांमध्ये काढता येणारे खांबच बरे. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला रस्ता बंद करायचा असतो, तर अनंत चतुर्दशीला त्याच रस्त्यावरून रथ आणि ढोलपथकं जायची असतात, आणि आगीचा बंब वर्षातल्या कोणत्याही रात्री येऊ शकतो. काढत्या खांबाची खोबण खालून उघडी हवी, तळाला खडी भरून, म्हणजे पाणी जिरतं. बंद तळाची खोबण पहिल्या पावसात गाळाने भरते आणि खांब अर्धाच आत बसतो. खांब काढल्यावर खोबणीवर झाकण आपोआप बसलं पाहिजे. एक किल्ली अग्निशमन केंद्रात, एक वॉर्डात, आणि कुलूप असं की हॅक्सॉने पाच मिनिटांत कापता येईल. कुलूप जितकं भारी, तितका बंब उशिरा.

जमिनीत जाणारे हायड्रॉलिक बोलार्ड पुण्यात विचारपूर्वक घ्या. त्यांचा खड्डा दीड मीटरच्या आसपास खोल, त्याला कायमचा निचरा लागतो, आणि आपल्या पावसात निचरा नसेल तर पंप. पंपाला वीज, विजेला बॅकअप, आणि वर्षभराचा देखभाल करार. करार संपला की खांब ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत अडकतो, बहुधा वर.

मोठ्या इमारतींच्या सुरक्षेसाठीचे 'क्रॅश रेटेड' बोलार्ड हा पूर्ण वेगळा प्रकार. त्यांची कसोटी साधारण ६,८०० किलोचा ट्रक आदळवून घेतात: एम-३० दर्जा (काँक्रीटचा नव्हे, चाचणीचा) म्हणजे ताशी ४८ किलोमीटर, एम-५० म्हणजे ताशी ८०. एम-३० ला ६०० किलोजूल, एम-५० ला जवळजवळ १,६८० किलोजूल, म्हणजे मागे येणाऱ्या आपल्या मोटारीच्या चारशे पटींहून जास्त. अशा खांबाचा पाया खांबापेक्षा महाग असतो. शिक्का फक्त ज्या पायासकट चाचणी झाली त्या संपूर्ण रचनेलाच लागू असतो. तोच खांब आपल्या सोयीच्या उथळ खड्ड्यात बसवला तर शिक्क्याला काही अर्थ नाही. पुरवठादाराकडून चाचणीचा अहवाल आणि त्यातलं पायाचं रेखाचित्र दोन्ही मागा.

लावून झाल्यावर खुंटा हलवून बळकट करून बघावा, शब्दशः. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, प्रत्येक खांबाला वरच्या टोकाशी धरून पूर्ण ताकदीने ढकला आणि पायथ्याकडे बघा. कॉलरभोवती केसाएवढी भेग दिसत असेल तर डांबरी मसाला भरा. भेग उघडझाप करत असेल तर खाली काँक्रीट फुटलंय. पायथ्याशी हातोडीने वाजवा: टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर पाइप आतून खाल्ला गेलाय.

आणि गाडीने वाकवलेला खांब गरम करून किंवा जॅक लावून सरळ करायचा नाही, वेल्डर कितीही कमी पैशात करून देतो म्हणाला तरी. जमिनीलगतचं पोलाद तिथे एकदा ताणलं गेलंय आणि खालचा गोळा सैल झालाय. खांब गोळ्यासकट काढा, जुना खड्डा चारही बाजूंनी १०० मिमी रुंद करा आणि नवा पाइप नव्या काँक्रीटमध्ये बसवा. जुन्या गोळ्यात नवा पाइप ठोकून वरून सिमेंट लावलं तर पुढच्या धक्क्याला दोन्ही निघतात.